हळदीच्या घरचं विरजण

सांगलीत राहायचं, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी जायचं आणि त्यांच्याच बैठकीत बसून सांगायचं, की आमच्या मुलीला हळद लावू नका. हे काम आजवर कुणाच्या गळ्यात पडलं नसेल, ते माझ्या पडलं. मामा असण्याचे जे काही तोटे आहेत त्यातला हा सगळ्यात मोठा.

इरावती माझ्या बहिणीची एकुलती एक मुलगी. भावोजी लवकर गेले, त्यामुळे लग्नाची बोलणी, मानपान, रुसवेफुगवे सगळं माझ्याकडे. माझं विश्रामबागेत चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघूनच बोलायची सवय. पण त्या दिवशी इराच्या होणाऱ्या सासूबाईंच्या, शालनताई खोतांच्या डोळ्यांत बघायचा धीर होईना. मी समोरच्या पोह्यांकडे बघून बोललो.

"हळद लावायची न्हाई?" शालनताईंनी विचारलं. "म्हंजे कार्यक्रमच करायचा न्हाई म्हंता?"

"कार्यक्रम करूया की! दणक्यात करूया. फक्त ती उष्टी हळद इराच्या चेहऱ्याला लागता कामा नये. आणि तिच्या गालाला कुणी हात लावायचा नाही. कुणीच. डॉक्टरांनी तसं बजावलंय."

नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद वाजतगाजत नवरीकडे यायची आणि त्याच हळदीने नवरी माखायची, ही आपल्याकडची रीत. ती हळद खोतांच्या घरची असणार होती, म्हणजे साऱ्या पेठेने नावाजलेली. शालनताईंच्या मिस्टरांना अर्धांगवायू झाल्यापासून सगळी अडत त्याच सांभाळतात. आता बाजारात हळदीचा कस यंत्र सांगतं आणि लिलाव पडद्यावर होतो. तरीही शालनताई प्रत्येक पोत्यातलं एक हळकुंड काढून कडकन मोडतात, आतला रंग बघतात आणि मगच बोली लावतात. यंत्राशी त्यांचं अजून तरी भांडण झालेलं नाही, कारण दोघांचं उत्तर एकच येतं. या मोडामोडीने त्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे झालेत. तो पिवळेपणा साबणाने जाणारा नाही.

"उष्टी हळद नको, म्हंजे माझ्या लेकाचं उष्टं नको," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि हात नको म्हंजे माझा हात नको. माझ्या हळदीत काय खोट हाय व्हय, मामा?"

"आई, तसं नाहीये ते," ओजस मध्ये बोलला. हा त्यांचा मुलगा, आमचा होणारा जावई. सरळ मुलगा आहे, पण आईपुढे त्याचा आवाज तळाला जातो.

"तू गप." शालनताई उठल्या. "पोहे खावा मामा. गार व्हायलेत. मी जरा वखारीत जाऊन येतो."

जुन्या सांगलीच्या बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल 'मी येतो, मी बघतो' असंच बोलतात. त्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. आमच्याकडे कितीही बिनसलं तरी समोरची बशी संपवल्याशिवाय उठायचं नसतं. इतके जड पोहे मी जन्मात खाल्ले नव्हते.

*

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो.

इराचा चेहरा एरवी छान. महिनेच्या महिने काही नसतं. पण मधूनच कधीतरी, आणि हटकून काहीतरी महत्त्वाचं असताना, गालांवर आणि हनुवटीवर मुरमं उठतात. साधी नव्हेत. लाल, गरम, ठणकणारी. त्यातून कातडी इतकी नाजूक की कुठलंही मलम लावलं की आग आग. वयात येताना येतात, जातील, असं सगळे म्हणाले. सत्ताविशी गाठली तरी ती गेली नाहीत. घरात येणारी प्रत्येक बाई काहीतरी उपाय सांगून जायची. चंदन झालं, बेसन झालं, मसुराचं पीठ झालं, जायफळ उगाळून झालं. प्रत्येकाने गालावर नवीन लाली आणली. शेवटी इराने सगळं बंद केलं. साध्या पाण्याने, सौम्य साबणाने तोंड धुवायचं, बिनवासाचं एक मलम लावायचं, उन्हात जाताना काळजी घ्यायची आणि बोटांनी काही फोडायचं नाही. एवढ्यावर तिचं बरं चाललं होतं. पण अधूनमधून उठायचं ते उठायचंच.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? इरा कर्णबधिर मुलांची शिक्षिका आहे. त्या मुलांचे चष्मे माझ्याच दुकानातून जातात. समोरचा माणूस बोलला की काचेवर अक्षरं उमटतात, असले चष्मे आता सगळीकडे मिळतात. मी मोठ्या ऐटीत पहिला चष्मा त्या शाळेत नेला तेव्हा एका चिमुरडीने तो नाकावर चढवला, दोन मिनिटं वाचलं आणि काढून ठेवला. इरा हसली. म्हणाली, "मामा, शब्द काचेवर येतात. पण बाई रागावल्यात की लाडात आल्यात, ते चेहऱ्यावरच असतं ना?" खुणांच्या भाषेत भुवया, गाल, ओठ हे सगळं व्याकरण आहे. गाल फुगवल्याशिवाय 'मोठ्ठा हत्ती' होतच नाही. आणि गाल ठणकत असले की फुगत नाहीत. मुरमं उठली की इरा फळ्याकडे तोंड करून उभी राहायची, आणि मुलांच्या दृष्टीने वर्गात बाईच नसायच्या.

त्या मुलांच्यात प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं. नाव मुलंच ठेवतात आणि त्यात भीडभाड नसते. माझं नाव टक्कल. इराचं नाव, दोन बोटं गालावर टोचल्यासारखी करायची. मुरमंवाल्या बाई. तिने ते हसून घेतलं होतं. पण एकदा रस्त्यात लांबून एका पोराने तशी बोटं गालाला लावून तिला हाक मारली, तेव्हा तिने क्षणभर मान फिरवली. मी ते पाहिलं आणि मला वाईट वाटलं.

*

मिरजेच्या डॉक्टर नाजनीन मुजावर यांच्याकडे तिला मीच घेऊन गेलो. बुटक्या, भरभर बोलणाऱ्या, आणि पेशंटबरोबर आलेल्या माणसालाही शिकवल्याशिवाय न सोडणाऱ्या.

"मामा, सांगलीत जेवढी माणसं आहेत त्याहून जास्त जंतू तुमच्या एका गालावर राहतात," त्या म्हणाल्या. मी गालावरचा हात काढला. "घाबरू नका, बहुतेक सज्जन आहेत. प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तेलाची ग्रंथी असते. तिच्यात एक जंतू राहतो, तुमच्याही आणि माझ्याही. त्याच्या घराण्याला पुष्कळ शाखा. काही शांत, काही भांडखोर. ग्रंथीचं तोंड बुजलं, तेल साचलं, की भांडखोर शाखेची चैन होते. मग शरीराचे पहारेकरी धावून येतात. तो लालपणा, तो ठणका जंतूंमुळे कमी आणि या पहारेकऱ्यांमुळे जास्त. इराचे पहारेकरी भलतेच तापट आहेत, एवढंच."

"मग जंतूच मारून टाका की."

"तेच करत होतो आम्ही इतकी वर्षं. तिखट औषधं लावायची, सगळी वस्तीच धुऊन काढायची. पूर ओसरल्यावर काय राहतं, ते सांगलीकरांना मी सांगायला नको."

मग त्यांनी ते यंत्र दाखवलं. शिलाई मशीनएवढं, कोपऱ्यात गुरगुरत होतं. कातडीच्या वरच्या थरात आणखी एक जंतू असतो, अगदी सामान्य, निरुपद्रवी. त्याच्या काही जाती असं एक प्रथिन तयार करतात, की भांडखोरही गप्प बसतात आणि पहारेकरीही शांत होतात. हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. अडचण एवढीच, की हा भला जंतू चेहऱ्यावर सोडला तरी टिकत नसे, आठवड्याभरात नाहीसा व्हायचा. नव्या यंत्राने तिथेच कमाल केली. गालावरून कापसाचा बोळा फिरवून आत ठेवला की ते सगळी वस्ती वाचतं, कोणाचं कोणाशी पटतं ते ओळखतं, त्यातले भले निवडतं आणि त्यांना आवडतं खायला घालून वाढवतं. हाती येते वाटीभर पारदर्शक जेली. तिचं खरं नाव लांबलचक आहे. मुजावर डॉक्टर तिला विरजण म्हणतात.

"दूध नासणं आणि दूध विरजणं, दोन्ही जंतूंचंच काम," त्या म्हणाल्या. "आत आधी घर कोण करतं, एवढाच फरक."

मला ते इतकं पटलं की घरी येऊन मी ताईला दोनदा सांगितलं.

चेहरा स्वच्छ असताना नमुना द्यायचा होता. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, गालही छान होते, म्हणून इरा तेव्हाच मिरजेला जाऊन आली. तिच्याच गालावरचं विरजण तिच्याच गालाला. फक्त ते नीट लागेपर्यंत, म्हणजे लग्न होईपर्यंत, भांडं झाकून ठेवायचं. परक्या कुणाचा हात नको, हळद-चंदन काही नको. सोबत कागदाच्या पट्ट्या मिळाल्या. सकाळी गालाला टेकवायची. निळी झाली की वस्ती ठीक आहे.

आणि काय सांगू! दोन आठवड्यांत तिचा चेहरा असा झाला की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. गोरी झाली, उजळली, असलं काही नाही. शांत झाली. परीक्षा तोंडावर होती, लग्नाची धावपळ होती, एरवी अशा वेळी गाल हटकून पेटायचे. काही नाही. पट्टी रोज निळीशार. इराने वर्गात एवढा मोठ्ठा हत्ती केला की पोरं बाकांवरून खाली आली. एवढ्याशा खोलीत, गुरगुरत्या यंत्राशेजारी बसून मुजावरबाईंनी हे केलं होतं. मी त्यांना मनातल्या मनात दंडवत घातला.

पण भांडं झाकायचं म्हणजे काय, ते आम्हाला हळूहळू कळलं. आमच्या ताईची सवय, लेक घराबाहेर पडताना तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. आता ती दारात उभी राहून हवेतच बोटं मोडायची. ओजस आणि इरा घाटावर फिरायला गेले की दोघांत तिसरा माणूस बसेल एवढी जागा. एका लग्नात कुणीतरी आजी लाडाने हात पुढे करून आली, तर मी पोलिसासारखा आडवा गेलो. आजी दचकल्या.

"मामा," इरा त्या दिवशी म्हणाली, "चेहरा इतका छान झालाय, आणि जवळ कुणीच येत नाहीये."

*

खोतांच्या घरी पोहे खाऊन आल्यावर आठ दिवस तिकडून निरोप नाही. ओजसचे फोन यायचे, पण दोघं बोलायची कमी आणि गप्प जास्त. शेवटी तो घरी आला आणि म्हणाला, "आई म्हणतेय, ज्या सुनेला माझा हात चालत नाही तिने माझ्या उंबऱ्यावर माप कसं ओलांडायचं? लग्न तुम्ही तुमच्या पद्धतीने करा, मी अक्षता टाकून येते." अक्षता टाकून जाणारी सासू म्हणजे लग्न मोडल्यातच जमा, हे त्यालाही कळत होतं.

"लावू दे हळद," इरा म्हणाली. "गाल पेटले तर पेटले."

"आणि शाळा?" ताईने विचारलं.

इराने पुढ्यातली वह्यांची चळत उघडली.

दुसऱ्या दिवशीची पट्टी फिकी निघाली. त्याच्या पुढची आणखी फिकी. मग हनुवटीवर पहिला लाल ठिपका आला. अजून हळद नाही, हात नाही, काही नाही, तरीही आला. इराने आरशात बघितलं आणि मिरजेची रिक्षा बोलावली. मीही चढलो. त्या रिक्षाला चालक नव्हता, त्यामुळे वाटेत मनातलं बोलायलाही कुणी नव्हतं.

मुजावर डॉक्टरांनी नवा नमुना यंत्रात घातला. मग कपाळाचा घेतला, मानेचा, पाठीचा. सगळे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"इरा, माझी चूक झाली," त्या सरळ म्हणाल्या. "तुझ्या गालावर सापडलं म्हणून ते तुझंच, असं मी धरून चालले. हा जंतू तुझ्या अंगावर दुसरीकडे कुठेच नाही. तो पाहुणा होता. यंत्रात त्याला एकट्याला वाढवलं, आयतं खायला घातलं, पिढ्यांमागून पिढ्या झाल्या आणि त्याचा गुण उतरला. त्याच त्या विरजणाने दही लावत राहिलं की ते तार सुटल्यासारखं होतं ना, तसं. जिथून आला होता तिथून अधूनमधून ताजी भर पडती तर टिकला असता. आणि भांडं झाकून ठेवायला मीच सांगितलं!"

डॉक्टर असून असं तोंडावर कबूल करणारं माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिलं. माझा त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवशी वाढला.

"मग आला कुठून?" मी विचारलं.

"ते मला कळेना. पण एक गंमत आहे. हा हळदीचा रंग पचवतो. हळदीत बहुतेक जंतू तग धरत नाहीत. हा वर्षानुवर्षं हळदीत राहिल्यासारखा दिसतोय. त्यात राहून राहूनच इतका सोशिक झाला असणार."

इराने डोळे मिटून घेतले. तिने आपले दोन्ही तळहात आपल्याच गालांवर ठेवले, नमुना देण्याआधी कुणाचा हात लागला होता ते आठवावं तसे. मलाही आठवलं. साखरपुड्यात शालनताईंनी तिची ओटी भरली, कुंकू लावलं आणि मग न राहवून तिचे दोन्ही गाल हातांत धरून चांगले चोळले होते. "माझी बाय ती!" म्हणाल्या होत्या. फोटोत इराच्या गालांवर पिवळसर ठसे दिसतात. दुसऱ्या दिवशी तेच गाल घेऊन ती मिरजेला गेली होती.

*

आम्ही तडक हरिपूर रस्त्याच्या वखारीत गेलो. नवी हळद आलेली, सगळीकडे तो उग्र, गोडसर वास. शालनताई पोत्यांमध्ये बसल्या होत्या. आम्हाला बघूनही त्यांनी हातातलं हळकुंड मोडलंच, रंग बघितला आणि मग मान वर केली.

मी घसा साफ करत होतो, तोवर इरा त्यांच्यासमोर पोत्यावर बसलीसुद्धा.

"काकू, माझा चेहरा बरा झाला होता ना, तो माझ्यामुळे नाही झाला. तुमच्यामुळे झाला. साखरपुड्याला तुम्ही माझे गाल धरलेत तेव्हा तुमच्या हातावरचे भले जंतू माझ्याकडे आले. आणि मग आम्ही तुम्हालाच सांगायला आलो, हात लावू नका. आता ते संपत चाललेत. माझ्याकडे दुसरं काही नाही. मला विरजण पाहिजे काकू. तुमच्या घरचं."

शालनताई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मागे गणपतीच्या तसबिरीसमोर हमालाने नुकतीच वात लावली होती.

"दिवं लागलं," त्या म्हणाल्या. "आज न्हाई."

आणि उठून आत गेल्या.

परतीच्या वाटेवर माझा नुसता संताप झाला. पोरगी एवढं पोटतिडकीने मागते आणि ही बाई दोन शब्दांत नाही म्हणते? ठरलेलं लग्न मोडलं तरी बेहत्तर, असं मी घरात पाऊल टाकताच जाहीर केलं. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"नक्की काय म्हणाल्या त्या?"

"दिवे लागले म्हणे. आज नाही म्हणे."

ताई एकदम हसायलाच लागली. "अरे शहाण्या! तिन्हीसांजेला विरजण कधी कुणी घराबाहेर देतं का? दिवा लागल्यावर आईसुद्धा देत नव्हती. त्या देणार आहेत. दिवस उजाडल्यावर!"

इतकी वर्षं सांगलीत काढून हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. इरा हसता हसता रडली. मग ताई तिला जवळ घ्यायला गेली आणि सवयीने मध्येच थांबली.

"ये गं," इरा म्हणाली, "आता काय झाकायचंय?"

*

सकाळी आम्ही मिरजेला पोचलो, तर दवाखाना उघडायच्या आधीच शालनताई बाकावर बसलेल्या होत्या. शेजारी त्यांना घेऊन आलेला ओजस. त्यांचे दोन्ही हात पदराखाली.

डॉक्टरांनी मोठ्या उत्साहाने त्यांच्या तळहातावरून बोळा फिरवला, यंत्रात घातला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काकू, हात कशाने धुतले?"

"साबणानं," शालनताई ओशाळून म्हणाल्या. "मग राखेनं. मग लिंबू चोळला. डाक्टरकडं यायचं, मानसानं सवच्छ नको?"

डॉक्टर खो खो हसल्या. "अहो, सगळी वस्ती उठवलीत की! वर एक जण राहिला नाही."

सगळे हसले, पण शालनताईंचा चेहरा उतरला. "काय करायचं मग? आयुष्यभर हेच करत आलोय बगा. पुण्या-मुंबईच्या लग्नात गेलो तर मी हात पदराखाली घिऊनच बसतो. एकदा माझ्याच नणंदेनं माझ्या हातचं वाढप थांबवलं हुतं. म्हनली, लोकं किळस करत्यात." त्यांनी आपले घासून लाल झालेले पिवळे हात उलटेपालटे केले. "आणि तुमी म्हंताय ह्याच हातांत औषध हाय."

इराने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले. मला गहिवरून आलं, खोटं कशाला बोलू. ओजस खिडकीबाहेर बघत होता आणि नाक ओढत होता.

"काकू, वखारीत जा आणि रोजचं काम करा," डॉक्टर म्हणाल्या. "ते कातडीच्या खोलात दडून असतात, परत वर येतील. मी नमुना घ्यायला तिकडेच येते. आणि साबणाला दोन दिवस सुट्टी."

तिसऱ्या दिवशी मुजावरबाई पोत्यांवरून उड्या टाकत वखारीत आल्या. या वेळी यंत्राने एकट्याला नाही उचललं. त्या हातांवरचा सगळा शेजारच त्याच्या सोबत वाढवला. पट्टी पुन्हा निळी व्हायला लागली आणि हनुवटीवरचा ठिपका बसला. डॉक्टरांनी नियमही बदलला. उष्टी हळद नाजूक कातडीला खाजेल, म्हणून चेहऱ्याला नको. पण शालनताईंचा हात मात्र हवा, साध्या पाण्याने धुतलेला आणि वरचेवर.

मग डॉक्टरांनी जरा चाचरत विचारलं. असाच त्रास असणारी पुष्कळ मुलं-मुली होती. तिखट औषधं ज्यांना सोसत नाहीत अशी. हे विरजण त्यांनाही देता आलं तर? मोठ्या कंपन्या विचारायला येतील. हात शालनताईंचे, तेव्हा हक्कही त्यांचाच. त्या म्हणतील तसा करार करता येईल.

शालनताईंनी एक हळकुंड मोडलं, रंग बघितला आणि पोत्यावर टाकलं. एका पोत्यासाठी तासभर घासाघीस करणारी ही बाई. मी कान टवकारून बसलो होतो.

"विरजण कुणी इकतं व्हय?" त्या म्हणाल्या. "मागंल त्याला द्या. फकस्त दिवं लागायच्या आत."

*

हळदीच्या दिवशी उष्टी हळद वाजतगाजत आली. खोतांच्या सगळ्या बायका, आमच्याकडच्या सगळ्या, आणि पुढच्या रांगेत इराच्या शाळेची पोरं, चष्मे कपाळावर सरकवून. ढोल-ताशाचा त्यांना त्रास नव्हता, उलट ती जमिनीवर तळवे टेकवून ताल घेत होती.

आंब्याच्या पानाने पायांना हळद लागली, गुडघ्यांना लागली, हातांना, खांद्यांना लागली. चेहऱ्यापाशी येऊन पान थांबलं. मंडपात जरा कुजबूज झाली. नवरीचं तोंड कोरं कसं ठेवायचं?

शालनताई पुढे आल्या. त्यांनी तांब्यातल्या पाण्याने हात धुतले आणि पदराला पुसले. साऱ्या गावासमोर त्यांनी दोन्ही हात पदराबाहेर काढलेले मी तरी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. पिवळेधमक. त्यांनी ते इराच्या गालांवर ठेवले आणि तसेच ठेवून उभ्या राहिल्या. इराने डोळे मिटले. गालांवर एक ठिपका नव्हता, पण तो असता तरी त्या क्षणी कुणाला दिसला नसता.

पुढच्या रांगेतल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यात भराभरा काहीतरी बोलणं झालं. मग सगळ्यात लहान चिमुरडी उभी राहिली आणि तिने इराला हाक मारली. दोन बोटांनी नाही. तिने आपला अख्खा तळहात आपल्या गालावर ठेवला. मग तिच्या शेजारच्या पोराने ठेवला, मग सगळ्या रांगेने.

त्या दिवसापासून शाळेत इराचं नाव तेच आहे.